नाही बुवा परवडत!

आमच्या बुवापाड्याला हे नाव कसे पडले, याविषयी माझे एक खासगी संशोधन आहे. इतिहासकारांनी ते मनावर घेऊ नये. इथे पूर्वी कोणी बुवा राहत असेलही, माझी हरकत नाही; पण नाव टिकले ते इथल्या माणसांच्या बोलण्यामुळे. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवा म्हटले, की ‘मला नाही बुवा जमणार!’ जिन्यातला दिवा बदलायचाय, जरा शिडी धरा म्हटले, की ‘आज नाही बुवा वेळ!’ आणि पावाच्या लादीमागे दोन रुपये वाढवावे लागतील म्हटले, की अख्खा पाडा एका सुरात, ‘नाही बुवा परवडत!’

हे शेवटचे वाक्य हल्ली मला झोपेतही ऐकू येते. कारण मी इथल्या एका लहानशा सहकारी बेकरीचा मानद सचिव आहे. ‘मानद’ म्हणजे मान देणारा, असे शाळेत संस्कृतच्या मास्तरांनी सांगितले होते. देणारा, घेणारा नव्हे. हा बारकावा तेव्हाच डोक्यात शिरला असता तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती.

रिकामा प्लॉट आणि रिटायर झालेला माणूस यांच्याकडे पाहिले की समाजाला त्यांचा काहीतरी उपयोग सुचतोच. मी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत हिशेबाच्या खात्यात एकतीस वर्षे काढून घरी बसलो. पंधरा दिवस बरे गेले. सोळाव्या दिवशी बेकरीची तीन माणसे पेढे घेऊन दारात उभी. “तुम्ही एवढ्या मोठ्या कारखान्याचे हिशेब सांभाळलेत, तुम्हांला आमचा मैदा काय जड?” मला ते पटले. वास्तविक पेढ्यांवरूनच संशय यायला हवा होता. बेकरीची माणसे नानकटाई सोडून पेढे आणतात, म्हणजे बेकरीत काहीतरी बिनसले आहे. तोफगोळा एकदा फुटला की हिशेब मिटतो. पाव रोज नव्याने फुगवावा लागतो, हे मला मागाहून कळले.

आमची बेकरी म्हणजे एक भट्टी, पीठ मळायचे एक आजारी यंत्र, चार कारागीर, एक काउंटर आणि दीडशेच्या आसपास सभासद. यांपैकी पहिल्या तिघांमुळे पाव तयार होतो. तुम्ही-आम्ही झोपेच्या मधोमध असतो तेव्हा, रात्री दोनच्या सुमाराला, आमचा उस्ताद उठतो. तो उत्तर प्रदेशातला. त्याच्या हाताखाली तीन पोरे. रात्रभर आलेले पीठ तोडायचे, गोळे करायचे, पत्र्यात ओळीने मांडायचे, ते फुगेपर्यंत थांबायचे आणि मग लांब दांड्याच्या फावड्याने एकेक पत्रा भट्टीत सारायचा. मे महिन्यात अंबरनाथला भरदुपारीच भट्टी असते. हा माणूस त्या महिन्यातही भट्टीच्या तोंडाशी उभा असतो. पहाटे पाचला पहिल्या लाद्या बाहेर पडतात. मुंबईची लोकल पकडणारा माणूस चहात पाव बुडवून स्टेशनकडे धावत सुटतो. पुढे दिवसभर त्याला साहेब, गाडी, सरकार या सगळ्यांची आठवण होते; उस्तादाची होत नाही. होण्याचे कारणही नाही. पाव चांगला झाला की कोणी विचारत नाही; करपला की सचिवाला विचारतात.

माझ्या आजीच्या काळी विहिरीत पाव टाकला की गाव बाटते, असे म्हणत. आता पाव दोन रुपयांनी वाढला की बाटते.

आता हे दोन रुपये आले कुठून, ते सांगतो. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युक्रेन कुठे, बुवापाडा कुठे! पण गव्हाला भूगोल कळत नाही. जगात गहू महागला, त्यातच आपल्याकडे मार्चमध्ये उन्हाचा असा तडाखा बसला की उत्तरेत दाणा भरलाच नाही. १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. एवढे सगळे होऊन मैद्याचे पोते आमच्या दारात आले ते फुगूनच आले, आणि पिठासारखे पुन्हा बसले नाही. सिलिंडरची तऱ्हा आणखी वेगळी. एकोणीस किलोच्या व्यापारी सिलिंडरचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. एक तारखेची वाट मी नोकरीत असतानाही बघत होतो, अजूनही बघतो. फरक इतकाच, की तेव्हा पैसे येत असत. त्यात कराची गंमत ऐका. पावावर जीएसटी नाही. हे मी सभेत सांगितले तेव्हा टाळ्या पडल्या. पण पावावर कर नाही, म्हणूनच गॅसवर भरलेला अठरा टक्के कर आम्हांला कुठे वळता करून घेता येत नाही. तो पावातच मुरतो. हे सांगितले तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. दोघे-तिघे घड्याळ बघू लागले.

तुम्ही म्हणाल, एवढी महागाई आहे तर बाहेर काही ठिकाणी पाव स्वस्त मिळतो तो कसा? रास्त प्रश्न आहे. सभेतही हाच निघाला होता. पाव स्वस्त ठेवण्याचे चार मार्ग आहेत, ते माझ्या परीने सांगतो.

पहिला मार्ग, पाव लहान करणे. भाव तोच, लादी तीच, पाव सहाच. फक्त दर वर्षी ते एकमेकांच्या थोडे जवळ सरकतात. गिऱ्हाइकाने विचारलेच, तर “तुमचा हात मोठा झाला असेल” म्हणायचे.

दुसरा मार्ग, पाव फुगवणे. यासाठी पूर्वी पोटॅशियम ब्रोमेट नावाची पूड सर्रास वापरत. चिमूटभर टाकली की पाव असा तरतरून वर येई, जणू त्याला बढती मिळाली आहे. २०१६ मध्ये तिच्यावर देशभर बंदी आली. आमच्या बेकरीने ती पूड सोडली त्या महिन्यात, “पाव पूर्वीसारखा राहिला नाही” अशा अकरा तक्रारी वहीत आल्याची नोंद आहे. एकाही तक्रारदाराला पूर्वी पावात काय होते हे विचारावेसे वाटले नव्हते.

तिसरा मार्ग, लाकडाचा. शेजारी उल्हासनगरला फर्निचरचा एवढा मोठा बाजार असल्यावर आमच्या भागात लाकडाच्या तुकड्यांना काय तोटा? मोडकी कपाटे, रंग दिलेली दारे, प्लायवूडचे तुकडे. स्वस्तात स्वस्त जळण. आमची भट्टीही अनेक वर्षे असल्याच लाकडावर चालली, हे कबूल करतो. एकेका लादीमागे कोणाच्या तरी संसारातला एकेक ड्रॉवर जळत होता. धूर वर जायचा आणि ज्यांनी स्वस्त पाव नेला त्यांच्याच गॅलरीतून आत शिरायचा. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेच्या प्रकरणात सांगितले, की बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर न्या. आम्हांला कोणी नोटीस दिली नव्हती. पण मुंबईत शिंक आली की आमच्याकडे रुमाल शोधतात. शिवाय धूर काही हद्द पाहून थांबत नाही. आम्ही कर्ज काढून भट्टी गॅसवर नेली. सगळ्यांनी अभिनंदन केले. धूर गेला, हप्ता आला.

आणि चौथा मार्ग, कारागिरांचा पगार न वाढवणे. हा सगळ्यांत सोपा. कारण याला ठरावसुद्धा लागत नाही. काहीच केले नाही की तो आपोआप अमलात येतो. आमच्याकडे तो तीन वर्षे अमलात आहे.

म्हणजे स्वस्त पाव म्हणून जो काही असतो, त्याचे पैसे कोणीतरी भरलेलेच असतात. कधी पोटाने, कधी फुप्फुसाने, कधी उस्तादाने. आपण फक्त आपला भाग भरत नाही, एवढेच.

हे सगळे मी वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडायचे ठरवले. सभा सप्टेंबरात, शाळेच्या वर्गात. तिसरीच्या बाकांवर साठीची माणसे गुडघे छातीला लावून बसली होती. प्रथेप्रमाणे गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली आणि प्रथेप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी, त्याच माणसांची, पुन्हा भरली. मी लादीमागे दोन रुपयांचा ठराव वाचला. बावीसचे चोवीस.

पहिल्या बाकावरचे काका ताडकन उठायला गेले, बाकात अडकले, आणि अर्धवट उभे राहूनच बोलले, “पाव हे गरिबाचं खाणं आहे, सचिवसाहेब! गरिबाच्या पोटावर पाय देणार तुम्ही?” बोलताना ते स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत होते. दुसरे म्हणाले, “बाहेरच्याच भावानं पाव घ्यायचा, तर मग सहकार कसला? भाग कशाला घेतला आम्ही?” तिसऱ्यांनी त्याच दमात विचारले, “आणि लाभांशाचं काय? दोन वर्षं दिला नाहीत!” म्हणजे म्हशीने पेंड निम्मी खावी, दूध दोन शेर जास्त द्यावे आणि वर शेणाच्या गोवऱ्याही आपणच थापाव्यात! ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. चहा झाला. चहाबरोबर खारी होती. ती उरली नाही.

नाक्यावरच्या वडापाववाल्याने भाव वाढवला तेव्हा यांतल्या एकानेही त्याच्याकडे इतिवृत्त मागितले नव्हते. मुकाट्याने पैसे दिले, वर “चटणी जरा जास्त” म्हणाले. परक्याला पैसे आणि आपल्याला उपदेश, ही आपली रीतच आहे. संस्था परक्याची असती तर तिने केव्हाच भाव वाढवला असता आणि आपण “काय करणार, महागाई!” म्हणून गप्प बसलो असतो. ती आपली आहे, हाच तिचा गुन्हा.

तरी गरिबाचा मुद्दा मला लागला होता. रात्री मी सौ.ला म्हटले, “काका म्हणतात त्यात तथ्य आहे. नाक्यावरचा रिक्षावाला, बांधकामावरचे मजूर, त्यांना दोन रुपये जड आहेत.”

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “ते कुठे लादी घेतात? ते दोन पाव घेतात. सुटे.”

“मग?”

“सुटा पाव कितीला देता?”

“चार रुपयांना.”

“सहा चोक?”

मी गप्प. एकतीस वर्षे हिशेबाच्या खात्यात काढलेला माणूस गप्प!

सहा चोक चोवीस. म्हणजे रिक्षावाला आजही चोवीसच्या भावाने पाव खातो आहे. कधीपासून खातो आहे, कोणी मोजले नाही. कारण त्याने सभेत प्रश्न विचारला नाही. त्याला सभेचे आमंत्रणच नाही. बावीसचा भाव कोणाला? एकदम सहा पाव नेऊन त्यांतले तीन फ्रीजमध्ये ठेवणाऱ्याला. मला आणि पहिल्या बाकावरच्या काकांना. म्हणजे गरिबाच्या नावाने आम्ही जी लढाई लढत होतो, ती आमच्या फ्रीजसाठी होती. ठराव इतकाच आहे, की रिक्षावाला जो भाव देतो तोच आम्हीही द्यावा. सुटा पाव चार रुपयांवरच राहील. यात गरिबाच्या पोटावर पाय कुठे येतो, ते काकांनी मला दाखवावे. पाय आहे, पण तो आमच्याच शेपटीवर आहे.

सहकार म्हणजे स्वस्ताई, हे आपण कुठे शिकलो कोण जाणे. इंग्लंडमध्ये रॉचडेल म्हणून गाव आहे. तिथे २१ डिसेंबर १८४४ रोजी अठ्ठावीस माणसांनी एक दुकान उघडले. त्यांत विणकर बरेच, पैसा कोणाकडेच नाही. एकेका पौंडाची पुंजी, आणि दुकानात काय, तर पीठ, लोणी, साखर. सहकाराच्या प्रत्येक शिबिरात त्यांचे नाव घेतात. पण त्यांनी माल स्वस्त विकला नाही, हे शिबिरात कोणी सांगत नाही. भाव बाजाराचाच, मात्र वजन पुरे, भेसळ नाही, उधारी नाही, आणि वर्षाअखेर उरेल ते ज्याने जितका माल घेतला त्या प्रमाणात वाटायचे. सवलत आधी मागायची नसते, शेवटी उरली तर घ्यायची असते. एवढाच त्या अठ्ठावीस जणांचा शोध. आम्ही दीडशे जण आहोत, पण आम्हांला तो अजून लागलेला नाही.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन १९५० च्या सुमाराला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. तिथला भागधारक स्वतः ऊस पिकवतो, म्हणून तो उसाला भाव जास्त मागतो. आमचा भागधारक पाव खातो, म्हणून तो पावाला भाव कमी मागतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण मग आमच्या बेकरीत पिकवणारा कोण? जो रात्री दोनला उठतो तो. आणि तो तर सभासदच नाही! दीडशे जणांच्या नोंदवहीत पाव खाणारे सगळे आहेत, करणारा एकही नाही. जेवणावळीत सगळे पंगतीला बसले आणि वाढायला कोणी नाही, म्हणून ओरड चालली आहे.

गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचा पुढे लिज्जत पापड झाला. कायद्याच्या भाषेत ती सहकारी संस्था नव्हे. पण तिथे जी लाटते ती मालकीण, आणि नफा-तोटा सगळ्यांचा. आमची संस्था कायद्याने सहकारी आहे. फक्त सहकार तेवढा नाही.

तेव्हा पुढच्या सभेत मी एकाऐवजी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, लादी चोवीस रुपये. दुसरा, चौघा कारागिरांना भाग देऊन सभासद करून घ्यावे. याची कुणकुण लागताच दोघे जण घरी येऊन गेले. “अहो, ती माणसं आज आहेत, उद्या गावी जातील.” बरोबर आहे. पण उस्ताद इथे नऊ वर्षे आहे, आणि या नऊ वर्षांत आमचे तीन अध्यक्ष बदलले, त्यांतले दोघे मुलाकडे राहायला गेले ते परतलेच नाहीत. “पण पोटनियमांत बसत नाही हो!” नसेल बसत तर पोटनियम बदलू. पोटनियम हा शब्द बेकरीत जितका शोभतो तितका कुठेच शोभत नसेल. तो पोटासाठीच केलेला असतो.

हे सगळे मी इतक्या त्वेषाने लिहितो आहे, त्याचे कारणही सांगून टाकतो. सभा लांबली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे बेकरीत गेलो. उस्ताद पत्रा बाहेर ओढत होता. मी त्याला माझ्या ऑर्डनन्सच्या हिंदीत समजावले, की ठराव पुढे गेला आहे, पगाराचे आणखी दोन महिने बघू, आतापर्यंत सांभाळून घेतलेस तसे घे. त्याने पत्रा खाली ठेवला. कपाळावरचा घाम दंडाला पुसला. नऊ वर्षांत हा माणूस माझ्याशी मराठीत एक शब्द बोललेला नाही. त्या दिवशी बोलला. अगदी आमच्या पाड्याच्या सुरात, आवाज न चढवता.

“नाही बुवा परवडत, साहेब.”

आयुष्यात हे वाक्य मी हजार वेळा ऐकले असेन. ते म्हणायचा अधिकार असलेल्या माणसाच्या तोंडून त्या पहाटे पहिल्यांदा ऐकले. मला उत्तर सुचले नाही. मी एक लादी उचलली आणि काउंटरवर चोवीस रुपये ठेवले. पोराने दोन रुपये परत देऊ केले. मी म्हटले, राहू दे. तो हिशेबात कुठे धरायचा म्हणून दुसऱ्या दिवशी खजिनदारांनी मलाच लेखी खुलासा मागितला आहे.

तर मंडळी, तहकूब सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या त्याच वर्गात आहे. गणसंख्या पुरी झाली नाही तर ती साडेदहाला भरेल, हे तुम्हांला ठाऊक आहेच; म्हणून दहालाच या. चहा संस्थेकडून. बरोबर ताजा पाव मिळेल, भट्टीतून नुकताच काढलेला.

त्याचे मात्र चार रुपये पडतील.